लेन्सवरचा तो पांढरा थर

कॉन्टॅक्ट लेन्सवरच्या एका लेखात लिहिलंय की सॉफ्ट लेन्स रोज सोल्युशनमध्ये (लेन्स साफ करायच्या द्रावणात) भिजवली की झालं, ते मला काही पटलं नाही, कारण मी सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते आणि बहिणीची वापरून झालेली मंथली (महिनाभर वापरायची) लेन्स मायक्रोस्कोपखाली बघितलीय. डोळ्याला एकदम स्वच्छ दिसत होती हो! पण डार्क फील्डमध्ये, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर, सगळा थर चमकायला लागला, मध्येच गोल गोल उंचवटे आणि एक कापसाचा तंतू (आमच्या घरामागे चादरीचे लूम आहेत). अश्रूंमधलं लायसोझाइम हे प्रोटीन पॉझिटिव्ह चार्जचं, त्यामुळे निगेटिव्ह चार्ज असलेल्या, जास्त पाणी धरणाऱ्या लेन्सवर ते पटकन चिकटतं, आणि त्याची रचना बिघडली की पांढरट धूसर दिसतं. सिलिकॉन हायड्रोजेल या दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्ट लेन्सवर मात्र तेलकट पदार्थ जास्त बसतात. ते उंचवटे बहुतेक चरबी आणि कॅल्शियमचे, त्यांना जेली बम्प म्हणतात, आणि ते चोळूनही जात नाहीत, लेन्स टाकूनच द्यावी लागते. बहिणीच्या वरच्या पापणीच्या आत बारीक पुळ्या आल्या होत्या, खाज, चिकट पाणी, डॉक्टर म्हणाले याच थरामुळे.

आणि कळकळीने सांगते, आपल्याकडे सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, पिंपात साठवतो, त्या पाण्याने लेन्स किंवा तिची डबी अजिबात धुऊ नका, नळाच्या पाण्यातही अकँथामीबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. सोल्युशन टाकून तळहातावर बोटाने हलकं चोळायचं, मग परत सोल्युशननेच धुवायचं, डबीतलं जुनं सोल्युशन रोज फेकायचं, वरून नुसतं भर घालायचं नाही.