हेडफोनला मोटार लावायची का?

गेल्या आठवड्यात एका मित्राच्या मुलाचा मेसेज आला. "काका, नवीन फोन घेतलाय, गाणी एकदम भारी ऐकायचीत, कुठला ॲम्प घेऊ?" मी विचारलं, हेडफोन कुठलाय? तर म्हणे, "ब्लूटूथचा."

आता काय बोलणार! ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये ॲम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारा ॲम्प्लिफायर, आधीच बसवलेला असतो, तुमच्या कानाला टेकून. फोन नुसते आकडे हवेत सोडतो, पुढचं सगळं कानापाशी होतं. बाहेरून काही जोडायला मधे जागाच नाही. एवढं लिहून मी सुटलो असतो. पण बारा-तेरा वर्षं खिशात ॲम्पची डबी घेऊन हिंडलेला माणूस एका ओळीत थांबत नाही. शिवाय महिन्याकाठी कुणीतरी हाच प्रश्न विचारतंच, तर एकदाच इथे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

ॲम्प हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात. "हेडफोनचा ॲम्प्लिफायर मिळेल का?" दुकानदारानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या हेडफोनकडे, आणि फळीवरून गाडीत बसवायचा विटेएवढा ॲम्प काढून काउंटरवर आपटला. "हे न्या की ओ. बेस असा मारतंय, काचा हालालेत बगा." त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे ॲम्प म्हणजे डॉल्बी, आणि डॉल्बी म्हणजे मिरवणूक पुढच्या चौकात असताना आपल्या घरातली भांडी वाजायला लागणं. ॲम्पचं काम आवाज मोठा करणं, यापलीकडे त्याला काही काम असू शकतं हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझं लहानपण पूर्व भागातलं. खाली चार माग, वर दोन खोल्या. माग चालू असले की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसते हातवारे. वडील अजूनही "जेवलास का" हाताने विचारतात, समोर शांतता असली तरी. लाइट गेली की माग थांबायचे आणि मागच्या गल्लीतला सेलवरचा रेडिओ एकदम घरात शिरायचा. गाणं ही माग बंद असतानाची गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय. वडिलांचे कान पन्नाशीतच गेले. तो विषय पुढे येणार आहे.

२०१२ साली पुण्याच्या मावसभावानं त्याचा जुना आयपॉड क्लासिक मला दिला. त्याच वर्षी एकाकडून सेकंडहँड सेनहायझर एचडी ६०० घेतला. हा हेडफोन १९९७ पासून निघतोय आणि अजून त्याचं नाव घेतात. मोठ्या हौसेनं आयपॉडला जोडला, तर आवाज मरगळलेला. हिंदी सिनेमाची गाणी कशीबशी चालायची, कारण ती मुळातच चढ्या आवाजात भरलेली असतात. पण शास्त्रीय गायनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं की आवाज शंभर टक्क्यांवर आणि तरी तानपुरा शेजारच्या खोलीत. हेडफोन खराब निघाला असं समजून मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती.

त्यावर उपाय म्हणून चिनी बनावटीचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ॲम्प मागवला. साडेचार हजार. घरी दीड हजार सांगितले. (बायको ही पोस्ट वाचणार आहे. बारा वर्षं झाली, आता काय व्हायचं ते होऊ दे.)

तर आता मुद्दा. सोलापूरकरांना मी तो एकाच उदाहरणानं समजावतो, आणि ते मुंबईकराला कळणार नाही. आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं. तळमजल्यावरच्या नळाला ते आपोआप येतं, बादली भरते, पिंप भरतं. तिसऱ्या मजल्याच्या टाकीत मात्र चढत नाही, दाब पुरत नाही. मग माणूस मोटार लावतो. ॲम्प म्हणजे ती मोटार. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, करंट म्हणजे धार, आणि हेडफोनच्या खोक्यावर जो ओहमचा आकडा असतो तो साधारणपणे सांगतो की टाकी कितव्या मजल्यावर आहे.

हिशोब अगदी शाळेतला आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे पॉवर. फोनच्या भोकातून अर्धा व्होल्ट मिळतो असं धरा. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यातून ८ मिलिवॅटच्या आसपास मिळतात, कान फुटायला तेवढे बास आहेत. तोच अर्धा व्होल्ट ३०० ओहमच्या एचडी ६०० ला दिला तर एक मिलिवॅटसुद्धा भरत नाही. म्हणून तानपुरा शेजारच्या खोलीत.

मजल्याबरोबर दुसरा आकडा बघायचा तो सेन्सिटिव्हिटीचा, डेसिबलमध्ये लिहिलेला. तो सांगतो मिळालेल्या पॉवरमधून आवाज किती निघतो. यात एक गंमत आहे. कुणी तो एका मिलिवॅटला मोजून छापतं, कुणी एका व्होल्टला, आणि दोन खोकी शेजारी ठेवून आकड्यांची तुलना केली की माणूस फसतो. प्लेनर जातीचे, म्हणजे आत सपाट पातळ पडदा हलवून आवाज काढणारे, हेडफोन तर आणखी वेगळे. ओहम कमी असतात पण सेन्सिटिव्हिटीही बेताची. घर तळमजल्यावरच, पण पाइप चार इंची. त्यांना दाबापेक्षा धार लागते. त्यांनाही मोटार लावावी लागते, फक्त वेगळ्या जातीची.

आणि मोटार लावली की गाळही येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. बारीक, कानात खोल बसणारे इअरफोन फार नाजूक असतात. ते मी माझ्या ॲम्पला लावले तर गाणं सुरू व्हायच्या आधीच "स्सस्स" असा आवाज. तो ॲम्पचा स्वतःचा आवाज, हेडफोन तिसऱ्या मजल्यावर असला की ऐकू येत नाही, तळमजल्यावर धो धो येतो. त्यासाठी चांगल्या ॲम्पवर गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं, बटण असतं, हाय आणि लो. लोवर ठेवा. ते बटण नसेल तर इअरफोनसाठी तो घेऊच नका.

आणखी एक चूक मी दोन वर्षं केली. आयपॉडच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ॲम्पला द्यायचो. म्हणजे आयपॉडच्या आतल्या ॲम्पनं वाढवलेलं माझ्या ॲम्पनं पुन्हा वाढवायचं. मोटारीवर मोटार. आयपॉड क्लासिकच्या खालच्या ३० पिनांच्या चपट्या खाचेतून लाइन-आउट मिळतं, त्यात आतला हेडफोन ॲम्प बाजूला राहतो, आवाज कायम एका पातळीवर निघतो आणि कमी-जास्त फक्त बाहेरच्या ॲम्पवर करायचा. ती छोटी वायर मागवली त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की साडेचार हजार वसूल झाले.

मग सुरू झाला रबरबँडचा काळ. आयपॉडवर ॲम्प, दोघांना मिळून दोन रबरबँड, मधून वायरीचा वेटोळा. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बीपीचं मशीन का ओ?" मी हो म्हणालो. मग त्यांनी दंड पुढे केला. तो प्रसंग इथेच सोडतो.

फोन आला तसा आयपॉड कपाटात गेला आणि रबरबँडमध्ये फोन आला, आणि त्याबरोबर नवीन भानगड. कुर्डुवाडी सोडली की तानपुऱ्यात "टिटिटिट्-टिर्रर्र". टूजीचे फोन टॉवरशी सलग बोलायचे नाहीत, सेकंदाला २१७ वेळा तुटक फेकायचे. त्या ठोक्यांची घरघर शेजारच्या वायरी पकडायच्या आणि ॲम्प इमानेइतबारे ती मोठी करून कानात घालायचा. मध्ये रेंज गेली की फोन आणखी जोर लावायचा. उपाय एकच, फ्लाइट मोड. गाणी ऐकायला घेतलेल्या फोनवर फोन येऊ द्यायचा नाही. फोरजी आल्यावर हे बरंच थांबलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, सर्किटशी बोलताना शिव्या. मी ॲम्पचं कौतुक सांगायला गेलो तर त्यांनी तो खोलूनच बघितला. "यात काय हाय बे? एक आयसी, चार कपॅसिटर." चू मॉय नावाच्या माणसानं फार वर्षांपूर्वी असंच एक साधं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी), आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते अल्टॉइड्स गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलं. त्याचा नकाशा मी अण्णांना दाखवला. त्यांनी एनई५५३२ नावाची आठ पायांची ऑप-ॲम्प आयसी घेऊन आठवड्यात करून दिलं. आधी साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत केलं, तर खालचे माग चालू झाले की घोंssss असा आवाज. अण्णा म्हणाले, "पत्रा पाहिजे, पत्रा. अर्थिंग बाहेरनं गुंडाळल्यागत व्हतंय." मग माझ्या भाचीची जुनी कंपासपेटी कामी आली. आतून अजून पाढ्यांचा तक्ता चिकटवलेला आहे. ३०० ओहमला तो ॲम्प झकास चालतो.

त्याच अण्णांनी माझा गर्वही उतरवला. मी म्हणत होतो, ॲम्प लावल्यावर आवाज "मोकळा" होतो, "खोली" येते, वगैरे. ते म्हणाले, दोन्हीकडे आवाज सारखा ठेवून ऐकलास का? नव्हतो ऐकलो. जरासा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगलाच वाटतो. मग आम्ही ६० हर्ट्झचा टोन वाजवला, हेडफोन जोडलेला ठेवून मीटरनं फोनचा आणि ॲम्पचा व्होल्टेज मोजला आणि दोन्ही जुळवले. टोन मुद्दाम खालचा घेतला, कारण साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खरं बोलत नाहीत. भाचीनं माझ्या पाठीमागे बसून अदलाबदल केली, वीस वेळा. माझा नेहमीचा ३२ ओहमचा इअरफोन. वीसपैकी अकरा बरोबर! छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते. भाचीला आईस्क्रीम द्यावं लागलं, अण्णांनी चहा मागितला.

एचडी ६०० वर ही परीक्षा घ्यायची वेळच आली नाही. फोन त्या पातळीपर्यंत पोचलाच नाही.

म्हणजे माझ्या घरातल्या सहा हेडफोन-इअरफोनपैकी ॲम्पची गरज एकाला आहे. बाकी पाचांना मी इतकी वर्षं उगाच मोटार लावत होतो. हे मान्य करायला जड गेलं.

२०१६ साली आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचं भोक गेलं आणि मग एकेका कंपनीनं ते बुजवलं. त्याचा मला अजून राग आहे, पण त्यातून एक चांगलं झालं. टाइप-सीला लावायचा जो बोटभर डोंगल मिळतो, त्याच्या आत आकड्यांचा आवाज करणारा डॅक आणि छोटा ॲम्प दोन्ही असतात. हजाराच्या आतबाहेर मिळणारे त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. त्यांना वेगळी बॅटरी नाही, फोनची खातात, एवढाच तोटा. काही डोंगल अँड्रॉइड फोनला लावले की आवाज निम्म्यातच अडकतो, म्हणून परत देता येईल अशा ठिकाणाहून घ्या. मोठ्या बॅटरीवाल्या डबीचा विचार त्याच्यानंतर.

बॅटरीवरून आठवलं. मे महिन्यात ॲम्प गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. बाहेर ४३-४४ अंश असताना डिकीत काय होत असेल याची कल्पना करा. माझा दुसरा ॲम्प एका दुपारी पावासारखा फुगला. झाकण आपोआप उघडलं. लिथियमची बॅटरी फुगली की चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. अण्णांनी ती वाळूच्या डब्यात ठेवली आणि मला डब्यापासून लांब उभं केलं.

आता वडिलांचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ९० डेसिबलला उरतात फक्त ४ तास. मागावर वडील रोज बारा तास उभे असत. त्यांना पर्याय नव्हता. तळमजल्याच्या इअरफोनला मोटार लावणाऱ्याला मात्र आहे. माझा ॲम्प आवाजाचं चाक पावभर फिरवलं की पुरतो. उरलेलं पाऊण चाक मी कधी वापरलेलं नाही, आणि ते आहे म्हणून पैसे वाया गेले असंही मला वाटत नाही.

मित्राच्या मुलाला मी शेवटी लिहिलं, आधी वायरचा बरा हेडफोन घे, खोक्यावरचे दोन आकडे मला पाठव, मग बोलू. त्याचं उत्तर आलं, "काका, पण वायर जुनी फॅशन ना?" अजून मी त्याला काही कळवलेलं नाही.

कुणाला कंपासपेटी ऐकून बघायची असेल तर रविवारी घरी या. स्वतःचा हेडफोन आणा. आधी फोन करा, कारण या रविवारी पाणी यायची पाळी असेल तर मी गच्चीवर मोटारीपाशी असेन.