बालाकला 'कायमचा दुसरा' म्हणू नका

जर्मन फुटबॉलपटू मिशाएल बालाकवरचा तुमचा लेख आवडला, पण मोठी विजेतेपदं हुकली म्हणून त्याला सरसकट 'कायमचा दुसरा' ठरवलंत ते पटलं नाही. २००२ मध्ये त्याच्या लेव्हरकुसेन क्लबचं बुंडेसलिगा (जर्मन लीग), जर्मन कप आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग असं सगळंच शेवटच्या टप्प्यावर हुकलं, हे खरं. मात्र त्याच उन्हाळ्यातल्या विश्वचषकाचा उपांत्य सामना लेखात एका ओळीत उरकलाय. सोलमध्ये दक्षिण कोरियाचा खेळाडू गोलच्या दिशेने सुटला होता. बालाकने त्याला पाडलं आणि ७१व्या मिनिटाला पिवळं कार्ड घेतलं. स्पर्धेतलं आधीचं एक कार्ड होतंच आणि दोन कार्डांवर पुढच्या सामन्याची बंदी, त्यामुळे अंतिम सामना हातचा गेला हे तिथेच ठरलं. दुसरा कोणी खचला असता हो! याने चारच मिनिटांत गोल केला, पहिला फटका गोलकीपरने अडवल्यावर परत आलेल्या चेंडूवर. जर्मनी १-० ने जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच, हेडरने. ब्राझीलविरुद्ध हरलेल्या अंतिम सामन्यात तो असता तर, हा प्रश्न मला आजही छळतो.

जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबकडून चार हंगामांत तीनदा लीग आणि कप दोन्ही, इंग्लंडच्या चेल्सीकडून २०१० चं प्रीमियर लीग, हे काय दुसऱ्या क्रमांकाचं आहे? देशासाठी ९८ सामन्यांत ४२ गोल, तेही मिडफिल्डरचे! २०१० च्या इंग्लंडमधल्या एफए कप फायनलमध्ये घोटा दुखावला आणि कर्णधार असूनही विश्वचषक हुकला, त्याचं मात्र फार वाईट वाटतं. त्या दुखापतीनंतर जर्मनीची जर्सी त्याच्या अंगावर पुन्हा कधी चढलीच नाही. त्याला जर्मनीच्या जर्सीत मानाचा निरोप मिळायलाच हवा होता.