गुण सांगत नाहीत, म्हणून निवांत?
अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या रीड कॉलेजात विद्यार्थ्यांना गुण सांगत नाहीत, त्यामुळे तिथली मुलं निवांत असतात, हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. गुण दिले जातात आणि त्यांची नोंदही होते. ‘सी’ श्रेणी किंवा त्याच्या वर असलात की कोणी आपणहून सांगायला येत नाही, इतकंच. माझी भाची तिथे शिकली. पहिल्या सत्रातला तिचा पहिला निबंध परत आला तो समासभर पेन्सिलीच्या शेऱ्यांनी भरून, गुण मात्र कुठेच नाहीत. आमची ताई इथून फोनवर विचारतेय, “अगं, पण पास झालीस ना?” पोरीकडे उत्तर नाही!

आणि निवांतपणा कसला? मी पुण्यात शिकलो तेव्हा वर्गात शंभरावर पोरं, मागच्या बाकावरून प्रॉक्सी लागायची आणि परीक्षेच्या आधी आठवडाभर गाइड घोकलं की भागायचं. तिथे टेबलाभोवती पंधरा-वीस जण. ग्रीक महाकाव्याची नेमून दिलेली पानं न वाचता गेलं, तर दहा मिनिटांत उघडं पडायला होतं. शेवटच्या वर्षी तर विषय कोणताही असो, प्रबंध सक्तीचा. तो वर्षभर लिहायचा आणि मग प्राध्यापकांसमोर बसून तोंडी परीक्षेत त्याचं समर्थन करायचं. लेखात या प्रबंधाचा साधा उल्लेखही नाही. त्या वर्षी भाची दिवाळीला फोन करायलासुद्धा विसरली होती. ताई अजून ऐकवते तिला.