आजोबांनी मारलेला सराफ

आपल्या ब्लॉगाने आपला खर्च आपण भागवावा, म्हणजे डोमेनचे आणि होस्टिंगचे वार्षिक भाडे त्याने स्वतः कमावून आणावे, एवढीच माझी अपेक्षा होती. लिहून श्रीमंत होण्याचे स्वप्न पाहण्याइतका मी भाबडा नाही, आणि मराठीत लिहून, तेही इंदुरात बसून, श्रीमंत व्हावे हा विचार तर शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या माझ्या भाच्याच्याही मनाला कधी शिवला नसता. निवृत्तीनंतर राजेंद्रनगरच्या घरी मी जुन्या इंदूरविषयी लिहू लागलो: रामबागेतली बिऱ्हाडे, राजवाड्यासमोरची संध्याकाळ, सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांवर मांडले जाणारे खाणे. नातेवाइकांनी ते सर्व वाचल्याचे फोनवर आवर्जून कळवले. भाच्याने वाचले नव्हते, परंतु एका रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन तो म्हणाला, "मामा, एवढं लिहिताच आहात तर मोनेटाइज करून टाका ना. दोन-चार प्लगइन टाकू, काम होऊन जाईल."

वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ साली निघाले, ते फुकट मिळते आणि जगातली ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात, एवढे मी ऐकून होतो. परंतु संपर्काचा अर्ज हवा, जाहिरात लावायची, वाचकाकडून वर्गणी घ्यायची, असे काही मनात आले की त्याला वरून दुसरे सॉफ्टवेअर जोडावे लागते, त्याला प्लगइन म्हणतात. ही सोय २००४ च्या मे महिन्यात १.२ या आवृत्तीत आली. प्लगइन लिहिण्याची मुभा कोणालाही असल्यामुळे ती पृथ्वीवरच्या बहुतेक सर्वांनी घेतली असावी, कारण वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात आज साठ हजारांच्या घरात फुकट प्लगइन्स आहेत.

छप्पन दुकान या इंदूरच्या खाण्याच्या बाजारात मला निवड करता येते. तिथे पोटाला मर्यादा असते, आणि गर्दी कोणत्या दुकानासमोर आहे ते पाहून कुठे उभे राहायचे हे दुरूनच कळते. भांडारातही गर्दी दाखवण्याची व्यवस्था आहे. प्रत्येक प्लगइन किती संकेतस्थळांवर चालू आहे त्याचा गोल आकडा, त्याला मिळालेले तारे आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली हे सर्व तिथे छापलेले असते. पण छप्पन दुकानावर 'ही कचोरी गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेली नाही' अशी पाटी नसते, आणि भांडारात मला जे जे आवडले त्याच्यावर नेमकी ती होती. शिवाय अभिप्रायांचे एक वैशिष्ट्य असे, की पाच तारे देणारे गृहस्थ 'उत्तम' एवढेच लिहून निघून जातात आणि एक तारा देणारे मात्र आपल्या आयुष्याची झालेली धूळधाण तारीखवार सांगतात. मी स्वतः लेखक असल्यामुळे साहजिकच मला दुसऱ्या प्रकारचे लिखाण अधिक विश्वसनीय वाटले, आणि त्या हिशेबाने पाहता बसवण्यासारखे एकही प्लगइन भांडारात उरले नाही.

शेवटी निवड भाच्याने केली. निवडीचे तत्त्व मी त्याला विचारले तेव्हा 'सगळे हेच टाकतात' असे उत्तर मिळाले, आणि आमच्या घरातली बहुतेक लग्ने याच तत्त्वावर जमलेली असल्यामुळे मला पुढे काही बोलता आले नाही.

पहिले प्लगइन बसले ते शोधयंत्रांना माझा लेख आवडावा यासाठी. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्याच्या जातीची सर्वच प्लगइन्स थोड्याफार फरकाने असेच वागतात. लेखासाठी एक कळीचा शब्द ठरवायचा, मग प्लगइन लेख वाचते आणि शेजारी लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा लावते. मी 'सराफा' हा शब्द दिला. ज्या लेखात सराफ्याखेरीज दुसरे काहीच नव्हते, त्या लेखाला लाल दिवा लागला आणि खाली शेरा आला, की आपल्या लेखात 'सराफा' हा शब्द एकदाही आलेला नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सराफ्यात होते, सराफ्याला होते, सराफ्याची, सराफ्यापाशी, सराफ्यावरून, सगळे होते. पण ज्या यंत्राला 'सराफा' या पाच खुणा जशाच्या तशा हव्या होत्या, त्याच्या लेखी यातले काहीही सराफा नव्हते. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते, ही गोष्ट मी शाळेत छडी खाऊन शिकलो. यंत्राला छडी मारण्याची सोय नाही.

हिरवा दिवा पाहण्याच्या मोहाने मग मी 'सराफा येथे', 'सराफा याला', 'सराफा यामधील' अशी वाक्ये लिहून पाहिली. सौ.ने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, "अहो, हे तुम्ही लिहिलंत की नगर निगमाने?" दिवा मात्र नारिंगी झाला होता. आणखी खाली सूचना होती, की वीस शब्दांहून मोठी वाक्ये फार झाली असून ती तोडावीत. माझी वाक्ये मोठी असतात हे मला मान्य आहे. ज्या गावात रात्री साडेदहाला 'जरा एक गराडू खाऊन येऊ' म्हणून निघालेला माणूस भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, मालपुवा आणि वाटेत भेटलेले दोन व्याही असा सगळा क्रम उरकून अडीच वाजता परततो, त्या गावाचे वर्णन वीस शब्दांत पूर्णविराम देऊन कसे करावे, हे प्लगइन सांगत नाही.

या प्लगइनकडूनच मला लेखाच्या पत्त्याची भानगड कळली. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा वेबवरचा पत्ता तयार करते आणि त्यासाठी २०० खुणांची जागा ठेवते. इंग्रजी अक्षराला एक खूण पुरते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे मात्र आतल्या आत टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या नऊ-नऊ खुणांमध्ये लिहिले जाते, त्यामुळे मराठी शीर्षक बाविसाव्या चिन्हाच्या आसपास गारद होते. माझ्या लेखाचे शीर्षक होते 'आजोबांनी मारलेल्या सराफ्याच्या फेऱ्या'. आठ चिन्हांचे आजोबा गेले, नऊ चिन्हांचे 'मारलेल्या' गेले, उरलेल्या जागेत सराफ्याची पाच चिन्हे बसली आणि तिथेच जागा संपली. परिणामी जगाला जो पत्ता दिसू लागला तो 'आजोबांनी-मारलेल्या-सराफ्' असा होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात झुरळावरही चप्पल उगारली नाही, त्या माझ्या आजोबांच्या नावावर एक सराफ चढला, आणि तोही मरताना अर्धवट राहिलेला. घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी पत्ता हाताने रोमन लिपीत लिहावा असा तोडगा भाच्याने सांगितला. त्यासाठीही वेगळे प्लगइन मिळते, हे त्याने लगोलग शोधून दाखवले.

फुकट प्लगइनचा स्वभाव घरात आल्यावर कळतो. बसवेपर्यंत ते अतिशय विनम्र असते. बसवल्यानंतर डॅशबोर्डवर, म्हणजे ब्लॉगाच्या मालकालाच दिसणाऱ्या आतल्या पानावर, पट्टी येते, की आम्ही आपल्याला आवडत असल्यास कृपया पाच तारे द्यावेत. 'नंतर' असे म्हटले तर ते शब्द पाळते आणि खरोखरच नंतर पुन्हा येते. जे बटण आपल्याला हवे असते नेमके तेच धूसर असते आणि त्याच्या कडेला छोटे कुलूप काढलेले असते. कुलपावर बोट ठेवले की 'प्रो' नावाची थोरली पाती समोर येते, तिची किंमत डॉलरमध्ये असते, आणि ती दरवर्षी द्यायची असते, हे त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. कंटाळून ते बंद करायला जावे तर खिडकी उघडते आणि आपण आम्हाला का सोडून जात आहात असे विचारते. खाली पाच कारणे दिलेली असतात. 'तुम्ही माझ्या आजोबांना खुनी ठरवलेत' हे कारण त्या पाचांत नव्हते, आणि 'अन्य' या चौकटीत मराठी मजकूर भरून काय होणार होते!

याला एक सन्माननीय अपवाद आहे. वर्डप्रेसबरोबर वर्षानुवर्षे 'हॅलो डॉली' नावाचे एक प्लगइन आयतेच येत आले आहे. ते डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एका जुन्या गाण्याची एखादी ओळ दाखवते, याहून अधिक काही करत नाही. ते पैसे मागत नाही, तारे मागत नाही, माझी वाक्ये मोजत नाही. भाचा ते काढून टाकायला निघाला होता, पण घरात एकाने तरी आपल्यापुरते गुणगुणत बसावे म्हणून मी ते राहू दिले.

पान लवकर उघडावे म्हणून पानाची तयार प्रत साठवून ठेवणारे प्लगइन, त्याच कामाचे होस्टिंगवाल्यांनी आधीच बसवलेले दुसरे, बॅकअपचे तिसरे आणि सुरक्षिततेचे चौथे, यांची हकीकत मी थोडक्यात उरकतो. पहिली दोन परस्परांशी बोलत नसल्यामुळे मी लेखात केलेली दुरुस्ती फक्त मलाच दिसत असे. चौथे मला मध्यरात्री ईमेल करून कळवी, की कोणीतरी 'अ‍ॅडमिन' हे नाव वापरून आत शिरण्याचा प्रयत्न करत आहे. ती माणसे नसून यंत्रे असतात हे भाच्याने समजावले, तरी आपल्या ब्लॉगात शिरण्यासाठी कोणी रात्री-बेरात्री धडपडत आहे या कल्पनेने मला थोडे बरेच वाटत असे. मग एके दिवशी सर्वांनी मिळून एकाच वेळी अपडेट मागितले, ते भाच्याने दिले, आणि ब्लॉगाच्या जागी कोरे पान आले. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस मालकाला ईमेलवर एक खास दुवा पाठवते आणि कोणत्या प्लगइनमुळे घोटाळा झाला तेही सांगते. गुन्हेगार निघाले ते ईमेल वेळेवर पोहोचावीत म्हणून बसवलेले प्लगइन, ही गोष्ट मी सौ.ला अजून सांगितलेली नाही.

एवढे होईपर्यंत कमाईचा भाग सुरूही झाला नव्हता. 'लेख आवडल्यास एक बशी पोहे खाऊ घाला' अशा मजकुराचे बटण आणि यूपीआयचा चौकोन लावून पाहिला. एका वाचकाने पोह्यांचे पैसे न देता पोहे कुठे चांगले मिळतात त्याची दुरुस्ती पाठवली. मग जाहिराती. लेखकांच्या पानांवर जाहिराती लावून त्यांचे पैसे देणारी गुगलची अ‍ॅडसेन्स योजना २००३ सालापासून चालू आहे, हिंदी पानांना तिने २०१४ साली जवळ केले आणि मराठीचा क्रमांक त्यानंतर लागला. खात्यात दहा डॉलर जमले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी एक पिन कागदी पाकिटातून, टपालाने येतो. शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हातात पडत नाहीत. ज्या कंपनीपाशी जगातली सगळी माहिती आहे, तिला माझ्या घरासाठी राजेंद्रनगरच्या पोस्टमनला विचारावे लागते, हे मला या व्यवहारातले सर्वात सभ्य कलम वाटले.

जाहिराती कुठे लागाव्यात हे ठरवायलाही प्लगइन असते आणि ते परिच्छेद मोजते. 'तेव्हा आजोबा खाली वाकून माझ्या कानात म्हणाले' आणि आजोबा जे म्हणाले ते, यांच्यामध्ये चरबी उतरवणाऱ्या चूर्णाची जाहिरात येऊ लागली. मालपुव्याच्या वर्णनाखाली साखर तपासण्याचे यंत्र आले. यंत्राला मराठी कळत नाही ही माझी तक्रार मी त्या दिवशी मागे घेतली.

आणि कमाई एकाएकी वाढली. आलेखाची रेघ रोज रात्री नऊनंतर उभी चढत असे. भाच्याने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. आपल्याच जाहिराती आपण दाबणे किंवा आपल्या माणसांकडून दाबवून घेणे या योजनेच्या नियमांत बसत नाही, आणि असे आढळल्यास खाते बंद होऊ शकते. हा बेत कोणाचा आहे याचा शोध घ्यायला यंत्राची गरज नव्हती. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मीच कधीतरी जाहिराती सुरू झाल्याची आनंदाची बातमी दिली होती, आणि इंदूर, उज्जैन, देवासपासून थेट बडोद्यापर्यंतचा गोतावळा माझ्या उत्कर्षासाठी कामाला लागला होता. अतिदाबणाऱ्या माणसाला जाहिराती दिसूच नयेत अशी व्यवस्था करणारे प्लगइनही भांडारात आहे. ते बसवले, परंतु मावशींचा, आत्यांचा विषय नुसत्या प्लगइनवर सोपवणे बरे दिसले नसते, म्हणून एकेकाला फोन केला.

देवासची मावशी सर्वात ज्येष्ठ. तिने अभिमानाने सांगितले, "अरे, मी तर रोज रात्री जप झाला, की तुझ्या सगळ्या जाहिराती ओळीने दाबते आणि मगच आडवी होते. एक दिवस चुकवलेला नाही."

मी तिला नियम समजावला, खाते बंद होण्याची भीती घातली आणि यापुढे कृपा करून एकाही जाहिरातीला बोट लावू नकोस, असे हात जोडून सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"मग तुझ्या त्या पानावर जाऊन मी करू तरी काय?" मावशी म्हणाली. "वाचत बसू?"