‘मातीतला माणूस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: लिफ्ट आणि शॉकअप

नमस्कार. लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंच उचलून घेतलेल्या गाडीला कोणते शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी) लागतात, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "कॉलेज रोडवर मिरवायला गाड्या उचलणाऱ्यांनी शॉकअपवर प्रवचनं झोडू नयेत. दोन इंचाच्या लिफ्टला कंपनीचेच पुरतात. मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकअप) हे दुकानदारांनी लावलेलं खूळ, एक दगड बसला की संपली. आणि आरटीओचं काय?"

पहिलं वाक्य आधी घेतो, कारण ते लागलं. आपण मला ओळखत नाही. स्वतःचं खरं नावही दिलेलं नाही. तरी मी गाडी कुठे फिरवतो ते आपल्याला ठाऊक! नाशिकच्या सातपूरला वडिलांचं गॅरेज होतं, साहेब. शाळा सुटली की दप्तर फेकून जीपचे कमानपाटे खोलायला बसायचो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या गाड्या यायच्या. त्यांच्या शॉकअपचे बुश (सांध्यातले रबर) चुरमुऱ्यासारखे हातात यायचे. कॉलेज रोडला मी कॉफी प्यायला जातो, तेही बायकोच्या स्कूटरवर. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, खोडून काढा. पण समोरच्याची लायकी काढून सुरुवात करायची, ही कुठली रीत?

असो. "कंपनीचेच पुरतात" म्हणे. मी लिहिलं होतं अशा गाडीच्या मागच्या बाजूबद्दल, जिथे दोन्ही चाकांना जोडणारा सॉलिड अ‍ॅक्सल आहे आणि स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. (पुढच्या चाकांना कॉइलओव्हरच्या, म्हणजे स्प्रिंगच्या आतच शॉकअप असलेल्या जोडीच्या, डोक्यावर स्पेसर बसवला तर शॉकअपची लांबी तीच राहते, त्याचं गणित निराळं.) मागे गाडी दोन इंच उचलली की ती नुसती उभी असतानाच शॉकअपचा दांडा जवळपास तेवढा बाहेर ओढलेला असतो, शॉकअप तिरपा असेल तर थोडा कमी. म्हणजे चाकाला खड्ड्यात उतरायला उरलेली जागा तेवढीच घटली. चाक अजून खाली जाऊ पाहतंय आणि आत पिस्टन टोकाला जाऊन आपटतो. ते ‘ठक्’ ऐकून लोक बुश बदलत बसतात. पुढे सील गळायला लागतं, मग दांड्यावर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा थर दिसतो.

खोटं वाटत असेल तर चेसिस स्टँडवर घ्या, अ‍ॅक्सलखाली जॅक द्या, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि ब्रेकच्या होसवर नजर ठेवून जॅक हळूहळू सोडा. अ‍ॅक्सल आणखी खाली गेला, तर आजवर शॉकअपच त्याला अडवून धरत होता.

मग सापडेल तो लांबातला लांब घालायचा का? तेही नको. चाक पुरतं वर दाबलं गेल्यावर बंप स्टॉपच्या (चाकाला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी शॉकअपच मिटून बसला, तर मार थेट पिस्टनला आणि माउंटिंगला. म्हणून उघडं माप आणि मिटलेलं माप, दोन्ही हवीत. लेखात मी एवढंच म्हटलं होतं. ब्रँडचं नावही नव्हतं, मग दुकानदार कुठून आले?

दगडाचं मात्र मान्य. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो, त्यामुळे खोल पोचा पडला की तो अडकतो. ट्विनट्यूबची (नळीत नळी असलेल्या शॉकअपची) बाहेरची नळी असा मार बऱ्याचदा पचवते. पण खडबडीत वाटेवर तेल तापून फेसाळू नये म्हणून नायट्रोजन तेलापासून वेगळा ठेवतात, त्याला खूळ म्हणणं म्हणजे अतीच झालं.

आरटीओ आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) हा विषय वेगळा. त्यावर आपणच लिहा, मी वाचेन.

आपली गाडी कोणती, मागे कॉइल की पाटे, लिफ्ट कसली, यातलं काहीही आपण सांगितलेलं नाही. टेप घ्या, दोन्ही मापं काढा आणि इथे टाका. मापं नसलेली पुढची प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.