गाईला 'काहीही' पचत नाही

लग्नसराई आली की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हटकून फिरतो : "उरलेलं अन्न टाकू नका, गाईला घाला. तिला चार पोटं असतात, काहीही पचतं. पोट फुगलंच तर तेल पाजा."

पोट एकच, कप्पे चार. खरा कारभार पहिल्या कप्प्यात, कोठीपोटात. तिथले जिवाणू चारा आंबवतात आणि त्यावर गाय जगते. कडबा सावकाश आंबतो. रवंथ करताना भरपूर लाळ पोटात जाते, तिच्यातला सोडा आंबताना तयार होणारं आम्ल मारतो. भात, पाव, चपाती मात्र झपाट्याने आंबतात आणि रवंथही कमी होतो. कोठीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी ६ ते ७ असतो. तो ५.५ च्या खाली घसरला की चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात, लॅक्टिक आम्ल साचतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. मग जनावर वैरण सोडतं, आंबूस वासाचं पातळ शेण टाकतं, लंगडतं. फारच खाल्लं असेल तर एक-दोन दिवसांत दगावतं. मुंबईत देवनारच्या बाजारातून आणलेल्या बकऱ्याला कौतुकाने पोटभर गहू चारला तरी हीच गत.

"तबेल्यात आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) देतातच की!" देतात, पण मोजून. दुभत्या म्हशीला दुधाच्या लिटरमागे साधारण अर्धा किलो, सोबत पोटभर चारा, आणि वाढवायचं तर दोन-तीन आठवडे थोडं थोडं. देवळाबाहेरच्या गाईचा हिशेब कोण ठेवतं? एका चपातीने काही होत नाही. पण ४० ग्रॅमची एकेक चपाती शंभर जणांनी घातली की ४ किलो होतात.

पिशवीसकट टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! गाईला ओकता येत नाही. प्लॅस्टिक कोठीपोटात साचत जातं. तार-खिळा दुसऱ्या कप्प्यात अडकून पुढे हृदयापर्यंत घुसतो. बुरशी आलेल्या पावातलं विष तर दुधातही उतरतं.

तेलाचा सल्ला सगळ्यात घातक. फेसाळ पोटफुगीत, म्हणजे वायू फेसात अडकून पोट फुगतं तेव्हा, त्याचा उपयोग होतो, आम्ल झालेल्या पोटात नाही. शिवाय मलूल जनावराच्या नरड्यात बाटली ओतली तर तेल फुप्फुसात जातं. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) मूठ दाबून धरा : निरोगी गाईचं कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला ढकलतं. दोन-तीन मिनिटांत हालचाल लागली नाही, तर पशुवैद्य गाठा. मुंबईत परळचं जनावरांचं हॉस्पिटल त्यासाठीच आहे.

घालायचंच तर हिरव्या चाऱ्याची पेंडी घाला. आंबलेला भात ओल्या कचऱ्यात.