नायिका डोक्यात जाते म्हणून पुस्तक मिटू नका

आज आमच्या साताऱ्याच्या वाचनगटात तिघांचं एकच म्हणणं: "नायिका डोक्यात जाते, दोनशे पानांवर सोडलं." कादंबरी अद्भुतकथा आहे, समुद्रापारच्या साम्राज्याने गिळलेल्या बेटाची. नायिका तलवार उचलत नाही, अर्ज लिहिते. एक फेटाळला की दुसरा. इतकी कशी भोळी, म्हणे!

साताऱ्यात बसून हे म्हणायचं?

प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी आठवा. १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि १८५३ अखेरपर्यंत तिथेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं, अर्जामागून अर्ज. मध्येच, १८४७ त, महाराज काशीला वारले. १८४८ त डलहौसीने राज्यच खालसा केलं. तरी रंगो बापूजी हलले नाहीत. तेही डोक्यात जातात का?

आणि खुद्द महाराज? मुंबईचा गव्हर्नर कार्नाक याचं म्हणणं होतं, इंग्रजांशी केलेला तह मोडल्याचं कबूल करून सही द्या, गादी राहील. दिली नाही. कादंबरीत हे असतं तर "कर की सही!" म्हणून तुम्हीच ओरडला असता.

चीड आली की त्याच पानावर थांबा आणि बघा, आपल्याला ठाऊक आहे ते नायिकेला तोवर कळलंय का? सुभेदाराचं गुप्त पत्र आपण सातव्या प्रकरणात वाचतो, तिच्या हाती पडतं एकोणिसाव्यात. मधली अकरा प्रकरणं ती अंधारात आहे. मग सुरुवातीचा नकाशा उघडा. गावांची नावं कुणाच्या भाषेत आहेत? पाऊस बोलावण्याची विद्या बेटावरच्यांची, पण परवाना साम्राज्याचा, तोही शुल्क भरून. तहाचं प्रकरण तर दोनदा वाचा. १८१९ च्या तहाने महाराजांना परस्पर बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहाराची बंदी होती. वीस वर्षांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप आला तो त्याच कलमाच्या आधाराने. लेखिकेने हीच वीण घातली आहे. पाचव्या प्रकरणातलं एक साधं वाक्य विसाव्यात फास होतं.

बरं, मधली ऐंशी पानं सैल आहेत, आणि धाकटा भाऊ फितूर होतो ते एका परिच्छेदात उरकलंय. तिथे खुशाल चिडा.

रागाच्या भरात लिहिलं, पण तुमचा कंटाळा कळतो मला. हरत चाललेल्या माणसाबरोबर चारशे पानं चालणं जड जातं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. मग त्याच माणसाने उठावाची जुळवाजुळव केली. १८५७ त साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्यांना देहान्त दिला त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.

सोडलेल्यांनी निदान एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत या. तिचा शेवटचा अर्ज तिथे आहे. त्याच्याखाली ती पहिल्यांदाच आपलं नाव आपल्या लिपीत लिहिते.